एल्क मास्टर टिप आणि ट्रँगल, मास्टर, ताओम हे तीन चॉक: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

स्नूकर, बिलियर्ड्स किंवा पूलचा नवा खेळाडू आधी क्यूवर, म्हणजे खेळायच्या काठीवर, खर्च करतो. पितळी फेरूल (टोकाची कडी), ॲश लाकडाचे नक्षीदार बाण, थ्री-क्वार्टर जॉइंट, वर क्यूची कडक पेटी. मग त्याच क्यूच्या टोकावर कारखान्यातून आलेली चामड्याची टिप तशीच ठेवतो आणि टेबलाच्या कडेला पडलेला, मधोमध खड्डा पडलेला चॉक उचलून खेळायला लागतो. साईड, स्क्रू, स्टन, फॉलो हे सगळे प्रकार मात्र टोकाच्या चार-पाच मिलिमीटर चामड्यावर आणि त्यावर बसलेल्या पुडीवर ठरतात. म्हणून हे परीक्षण क्यूचं नाही, त्या टोकाचं आहे: अमेरिकेच्या ट्वीटन कंपनीची एल्क मास्टर टिप, त्याच कंपनीचे ट्रँगल आणि मास्टर हे चॉक, आणि फिनलंडचा ताओम.

निकाल आधीच सांगतो. क्लबात आठवड्यातून दोन-तीनदा स्नूकर किंवा बिलियर्ड्स खेळणाऱ्याला एल्क मास्टर आणि हिरवा ट्रँगल पुरेसे आहेत. टिप मात्र निवडून घ्यावी लागते आणि नीट बसवावी लागते. ताओम उत्तम आहे, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला बॉल स्वच्छ लागतात आणि त्या टेबलावर खेळणारे बाकीचेही तोच चॉक वापरणारे लागतात. फक्त पूल खेळत असाल आणि ब्रेक, म्हणजे सुरुवातीचा फटका, जोरात मारत असाल, तर एल्क मास्टर तुमच्यासाठी नाही.

टिप आणि चॉक यांच्याकडून नेमकं काम काय हवं, ते आधी पाहू. त्याशिवाय पुढची तुलना हवेत राहील.

क्यू बॉलच्या, म्हणजे ज्याला क्यूने मारायचं त्या पांढऱ्याच्या, मध्यावर मारलं की बॉल आधी कापडावर घसरतो आणि मग हळूहळू गडगडायला लागतो. घसरत असतानाच, म्हणजे पुढे किंवा मागे कुठलीच फिरकी नसताना, तो समोरच्या बॉलला लागला तर तो स्टन. सरळ शॉटमध्ये स्टन झाला की पांढरा जागच्या जागी थांबतो. कोन असेल तर दोन्ही बॉल एकमेकांपासून जवळजवळ काटकोनात निघतात. मध्याच्या वर मारलं तर पुढची फिरकी, म्हणजे टॉप किंवा फॉलो, आणि पांढरा त्या काटकोनी रेषेच्या पुढे सरकतो. खाली मारलं तर स्क्रू. पूलवाले त्यालाच ड्रॉ म्हणतात. पांढरा लागून मागे येतो. डावी-उजवीकडे मारलं तर साईड, पूलच्या टेबलावर इंग्लिश. साईडचा खरा उपयोग कुशनला लागल्यावर. कोन मोकळा करून वेग राखते ती रनिंग साईड, कोन आवळून वेग मारते ती चेक साईड.

आता मर्यादेचं गणित. टिप बॉलवरून न घसरता जास्तीत जास्त किती कडेला लागू शकते? चॉक लावलेलं चामडं आणि बॉल यांच्यातलं घर्षण साधारण ०.६ धरलं, तर ही मर्यादा बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत येते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी व्यासाचा, म्हणजे मध्यापासून सुमारे १३ मिमी. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, तिथे सुमारे १४ मिमी. त्याच्या पलीकडे गेलात की मिसक्यू: कट्ट असा आवाज, पांढरा भलतीकडे. टिपवरचा चॉक निघून गेला असेल तर घर्षण कमी होतं आणि ही मर्यादा आत सरकते, मग मध्यापासून सात-आठ मिमीवरही क्यू घसरतो. ‘आज स्क्रूच बसत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा स्ट्रोक ठीक असतो, टिप गुळगुळीत झालेली असते.

दुसरं गणित टिपच्या गोलाईचं. बॉलवर १३ मिमी कडेला लागायचं तर टिपच्या घुमटावर तीस अंशांपर्यंतची जागा उपलब्ध हवी. टिपची रुंदी ९.५ मिमी असेल तर घुमटाची त्रिज्या ९.५ मिमीच्या आसपास पाहिजे. त्याहून चपटी ठेवली तर मोठ्या साईडच्या वेळी टिपचा पृष्ठभाग नाही, कडा लागते. मापाला घरचं साधन आहे: २०१९ पासून आलेल्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं २० मिमी व्यासाचं आहे. टिपची गोलाई त्या नाण्याच्या कडेला समांतर असली की स्नूकरला चालते. पूलच्या १२.५ ते १३ मिमी टिपलाही तेच नाणं वापरा. बहुतेक पूल खेळाडू जी गोलाई ठेवतात, तिच्या जवळपासच हे माप पडतं.

टिप: एल्क मास्टर

एल्क मास्टर ही दाबलेल्या चामड्याची, एका तुकड्याची टिप. रंग निळसर-हिरवा. कडकपणा मऊ ते मध्यम. ९ मिमीपासून पूलच्या १३-१४ मिमीपर्यंतची मापं मिळतात, स्नूकरला ९.५ किंवा १० घ्यावी, फेरूलपेक्षा किंचित मोठी. नेमक्या मापाची घेतलीत तर बसवताना केसभर सरकली तरी पितळ एका बाजूने उघडं पडतं.

हिचा मोठा गुण म्हणजे चॉक धरून ठेवणं. मऊ असल्याने बॉलला थोडी जास्त चिकटते, हलक्या हाताच्या शॉटला जाणीव स्पष्ट मिळते. बिलियर्ड्सवाल्यांना ही टिप आवडते ती त्यामुळे. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल; कॅननचे, म्हणजे एका फटक्यात बाकीच्या दोन्ही बॉलना लागण्याचे, दोन गुण, लाल पॉट केला (पॉकेटमध्ये घातला) किंवा लालवरून इन-ऑफ गेलं (त्याला लागून आपला बॉल पॉकेटमध्ये गेला) तर तीन, प्रतिस्पर्ध्याच्या बॉलवरून दोन. (पांढरा पॉकेटमध्ये जाणं हा पूल आणि स्नूकरमध्ये गुन्हा, बिलियर्ड्समध्ये मात्र धंदा.) इथे ब्रेक म्हणजे न थांबता सलग गुण मिळवण्याची खेळी, आणि मोठा ब्रेक म्हणजे शेकडो हलके स्पर्श. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक केला आणि हजारापलीकडे जाणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. एवढ्या लांबीच्या डावात जोरदार फटके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. बाकी सगळं दोन-चार इंचांचं काम. तिथे कडक टिप टकटक वाजत राहते आणि पांढरा अपेक्षेपेक्षा थोडा जास्तच पळतो.

दोष मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: एका डब्यातल्या दोन टिपा सारख्या नसतात. काही स्पंजासारख्या दबतात, काही ठणठणीत. म्हणून सुटी एक टिप घेऊ नका. सीलबंद डबा घ्या, चार-पाच मित्रांत वाटून घेतला तर महाग पडत नाही, आणि निवड करा. टिप फरशीवर एक फुटावरून टाका: टणक ‘टक’ आवाज आला तर चामडं घट्ट, भदभद आवाज आला तर सैल. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा असेल तर आणखी चांगलं. एकाच मापाच्या, एकाच उंचीच्या टिपांत जी जड ती घट्ट. कडेवर नख दाबून पाहा. खूण राहिली तर ती टिप सरावाच्या क्यूला लावा. खालची बाजू सपाट आहे ना, चामड्याचा थर कुठे सुटलेला नाही ना, हेही उजेडात धरून बघावं.

काहीजण एल्क मास्टर रात्रभर दुधात भिजवतात, पुसून वाइसमध्ये (शिकंज्यात) दाबतात आणि पूर्ण सुकू देतात. ऐकायला चेष्टा वाटते, पण दुधातलं केसिन सुकल्यावर चामड्याचे धागे बांधून धरतं आणि मुख्य म्हणजे दाबल्यामुळे टिप आधीच बसून जाते, नंतर फुगत नाही. पूलवाल्यांमध्ये हा प्रकार जुना आहे. मात्र दाबलेली टिप मूळ टिपपेक्षा स्पष्टपणे कडक होते, म्हणजे ज्या मऊपणासाठी एल्क मास्टर घेतली तोच थोडा गमावता. स्नूकरसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा डब्यातली घट्ट टिप शोधणं सोपं.

बसवणं

निम्म्या तक्रारी टिपच्या नसतात, बसवण्याच्या असतात. क्लबातला मार्कर (टेबलं सांभाळणारा कर्मचारी) पाच मिनिटांत टिप लावून देतो. घाईत तो दोन गोष्टी सोडतो, फेरूल सपाट करणं आणि टिपचा तळ खरवडणं.

जुनी टिप ब्लेडने कापून काढा. फेरूलच्या तोंडावर जुन्या गोंदाचा कण राहिला तरी नवी टिप तिरकी बसते आणि मधे पोकळी राहते. ती पोकळी पुढे आवाजातून कळते: प्रत्येक शॉटला बसका, फुटका आवाज. गोंद खरवडून झाला की बारीक पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून फेरूल त्यावर उभं धरून हलकेच फिरवा, क्यू जरासुद्धा कलू देऊ नका. पितळ खूप घासायचं नाही. दर वेळी अर्धा मिमी खाल्लं तर दहा टिपांनंतर फेरूलच बदलावं लागेल. मग टिपचा तळ ८० किंवा १०० नंबरच्या पेपरवर आठच्या आकड्यात फिरवा, तळावरची चकाकी जाईपर्यंत. ही चकाकी म्हणजे कारखान्यातल्या दाबाचा थर, गोंद त्यावर धरत नाही.

गोंद जेल प्रकारचा इन्स्टंट ग्लू घ्या. पातळ ग्लू मऊ चामड्यात मुरतो, टिपच्या खालचा थर दगडासारखा होतो आणि सांध्यात मात्र गोंद उरत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब पुरे. फेरूलच्या मधोमध थेंब, टिप ठेवून किंचित गोल फिरवून मध्यावर आणा, क्यू उलटा करून लाकडी फळीवर स्वतःच्या वजनाने एक मिनिट दाबून धरा. मग किमान एक तास, शक्य असेल तर रात्रभर, क्यूला हात लावू नका. तेलकट बोटांनी तळाला हात लागला असेल तर टिप दुसऱ्या-तिसऱ्या जोरदार शॉटला उडते, आणि दोष गोंदावर जातो.

बाहेर आलेली कडा कापताना फेरूलवर दोन वेढे चिकटपट्टी गुंडाळा. क्यूचं टोक फळीवर टेकवून धारदार नवी ब्लेड फेरूलकडून फळीकडे चालवा. उलट दिशेने चालवली की धार पितळात घुसते किंवा सांधा उचकटते. मग २४० नंबर पेपर, नंतर ६०० किंवा त्याहून बारीक, शेवटी कडेला थुंकीचं बोट लावून जाड कागदाने जोरात चोळा. कडा चकाकून काळपट झाली की ती आवळली गेली. वरचा घुमट १५० पेपरने नाण्याच्या मापावर आणा. चारी बाजूंनी सारखा, टोक मधोमध.

खेळायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत एल्क मास्टर खाली बसते आणि कडेने फुगते. हा दोष नाही, मऊ चामड्याचा स्वभाव आहे. फुगवटा पुन्हा पेपरने काढा, घुमट पुन्हा मापा. दुसऱ्यांदा आकार दिल्यावर ती स्थिर होते. फुगवटा तसाच ठेवला तर साईड मारताना टोकाच्या बाहेरचा लोंबता भाग बॉलला लागतो, मागे आधार नसल्याने तो दबतो आणि साईड निम्मी बसते.

पुढची निगा साधी. वरचा भाग चकाकायला लागला की चॉक त्यावर बसत नाही. तेव्हा पेपरने दोन-तीन हलके फटके पुरे. टोचणीने भोकं पाडायची सवय काही क्लबांत आहे. एल्क मास्टरमध्ये खोल टोचलं की धागे तुटतात आणि टिप लवकर खचते, त्यामुळे टाळलेलं बरं. कडेची उंची दोन मिमीच्या खाली आली की टिप बदलायची वेळ आली. तेवढ्या पातळ टिपेतून पितळाचा कडक ठोका हाताला जाणवतो, आणि एखाद्या मोठ्या साईडला पितळच पांढऱ्याला लागून त्यावर चरा पडतो.

थरांच्या टिपा, म्हणजे जपानी कामुईसारख्या डुकराच्या चामड्याचे पातळ थर चिकटवून केलेल्या, एकसारख्या निघतात आणि कमी फुगतात. पूलच्या ब्रेकला आणि नऊ फुटी टेबलावरच्या जोरदार शॉटना त्या योग्य. किंमत कितीतरी जास्त, आणि घाईत कडा कापली तर थर सुटतात. महिन्याला वीस-पंचवीस तास खेळणाऱ्याने विचार करावा. बाकीच्यांना एल्क मास्टरच्या एका डब्यात बराच काळ निघतो. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: मऊ टिप लावली म्हणून साईडचं डिफ्लेक्शन, म्हणजे पांढरा दिलेल्या साईडच्या उलट बाजूला सटकणं, कमी होत नाही. ते क्यूच्या टोकाकडच्या वजनावर अवलंबून असतं. जड पितळी फेरूल आणि जाड शाफ्ट असेल तर डिफ्लेक्शन जास्त, टिप कुठलीही लावा.

चॉक

बिलियर्ड्सचा चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. आजचा चॉक विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांच्या १८९७ मधल्या अमेरिकी पेटंटपासून चालत आला आहे. त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे खरखरीत कण बांधलेले असतात. या कणांनी टिप आणि बॉल यांच्यातलं घर्षण वाढतं. काम एवढंच. पण हेच कण बॉलवर आणि कापडावर उरले की त्रास देतात.

त्रास म्हणजे किक. दोन बॉल एकमेकांना लागतात त्या क्षणी मधे चॉकचा कण सापडला तर तिथलं घर्षण अचानक वाढतं, समोरचा बॉल थोडा ओढला जातो आणि पांढरा उडी मारतो. परिणाम: पॉट जाड लागतो, म्हणजे ठरवलेल्या कोनापेक्षा बॉल सरळ जातो आणि पॉकेटच्या जबड्याला लागून परत येतो. हाफ बॉल कटमध्ये, म्हणजे पांढऱ्याने समोरचा बॉल निम्मा झाकून लागताना, तीस अंशांच्या कोनात, हे जास्त दिसतं. थ्री-क्वार्टर कट साडेचौदा अंशांचा, तिथे कमी. क्वार्टर बॉल साडेअठ्ठेचाळीसचा, तिथे बॉल हलका खरडून जातो. स्वच्छ बॉलमध्येही घर्षणाने असा थोडा ओढा असतोच, त्याला थ्रो म्हणतात, आणि हाताला त्याची सवय झालेली असते. किक वाईट, कारण ती सवयीच्या बाहेर येते.

ट्रँगल कोरडा आणि कणीदार. मऊ टिपवर चांगला पसरतो, एल्क मास्टरशी याची जोडी सगळ्यांत जुळते. हिरव्या कापडाला हिरवा घ्या. निळा घेतला तर आठवड्यात बॉल्क लाइनच्या (टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाकडच्या आडव्या रेषेच्या) आसपास निळे ठिपके दिसायला लागतात आणि क्लबाचा सेक्रेटरी तुम्हाला दिसायला लागतो. दोष: पूड बरीच सांडते, पांढऱ्यावर खूण उमटते.

मास्टर त्याच कंपनीचा. लावताना ट्रँगलपेक्षा किंचित मऊसर, थर जाड बसतो. पूलच्या कडक टिपांना तो बरा, कारण अशा टिपवर ट्रँगल नीट टिकत नाही. स्नूकरच्या मऊ टिपवर मात्र मास्टरचा थर जाड होऊन पहिल्याच शॉटला त्यातला बराच भाग पांढऱ्यावर आणि कापडावर जातो. स्नूकरसाठी दोघांत ट्रँगल, पूलसाठी मास्टर, असं सरळ म्हणता येईल. किमतीत फारसा फरक नाही.

ताओम वेगळ्या जातीचा. थर पातळ बसतो, एकदा लावला की तीन-चार शॉट सहज टिकतो, आणि पांढऱ्यावर पडणारी खूण लहान राहते, कापडाने एका पुसण्यात जाते. अलीकडच्या वर्षांत अनेक व्यावसायिक स्नूकर खेळाडूंनी तो स्वीकारला तो किक कमी होण्यासाठी. किंमत मात्र अशी की ट्रँगलच्या बारा नगांच्या डब्याहून एक ताओम महाग. आणि तो हरवतो. टेबलाच्या कडेला ठेवून निघून गेलात तर पुढच्या खेपेला तिथे असेलच असं नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, जुन्या चॉकच्या थरावर ताओम लावला तर काहीच कळणार नाही. टिपचा वरचा थर पेपरने काढून, कोरड्या फडक्याने पुसून मगच सुरुवात करावी, आणि पुन्हा दुसरा चॉक मिसळू नये. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: बॉल तुमचे नसतात. क्लबाच्या टेबलावर सकाळपासून दहा जण ट्रँगल मारून गेले असतील तर ती पूड बॉलवर आणि कापडावर आहेच. तुमच्या ताओमने ती नाहीशी होत नाही. म्हणून ताओम घेणाऱ्याने त्याबरोबर एक मायक्रोफायबर फडकं घ्यावं आणि फ्रेम सुरू करण्याआधी बावीस बॉल पुसून घ्यावेत. नाहीतर पैसे वाया गेले असंच वाटेल. खरं तर फडकं आधी, ताओम नंतर, असा क्रम लावला तर अनेकांना दुसऱ्या खरेदीची गरजच पडणार नाही. बॉल खूप मळले असतील तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, लगेच कोरडं पुसणं. चकाकी आणणारं गाडीचं पॉलिश लावू नका. बॉल इतके निसरडे होतात की थ्रो बदलतो आणि सगळे पॉट पातळ लागायला लागतात.

चॉक लावायची पद्धत तिघांनाही एकच. चॉक टिपवर ठेवून गरगर फिरवायचा नाही. त्याने मधे खड्डा पडतो आणि टिपच्या कडेलाच पूड लागते, वरचा भाग कोरडा राहतो. चॉक ब्रशसारखा आडवा ओढायचा, क्यू थोडा थोडा फिरवत, घुमटाचा प्रत्येक भाग एकदा झाकेपर्यंत. मग टिपकडे उजेडात बघा: कुठे चकाकी दिसली तर तिथे थर नाही. स्टन किंवा साध्या मध्यावरच्या शॉटला दर वेळी ताजा थर नसला तरी चालतं. लांब स्क्रू, मोठी साईड यांच्या आधी तो हवाच.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हा चॉक आणि टिप दोन्हींचा कसोटीचा काळ. हवेतली ओल चामड्यात जाते, एल्क मास्टर आणखी मऊ होते आणि परत फुगते, त्यामुळे कडा जास्त वेळा घासावी लागते. चॉक ओलसर झाला की ट्रँगलची कोरडी पूड गोळा होऊन टिपवर गुठळीसारखी बसते, आणि ती गुठळी थेट पांढऱ्यावर जाते. चॉक एका छोट्या घट्ट डबीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. रात्री टेबलावर सोडू नका. या ऋतूत ताओमचा पातळ थर जास्त उपयोगी ठरतो. वर्षभर नसला तरी चार महिने तो घेण्याला अर्थ आहे.

टेबलही बदलतं. स्नूकरचं लव असलेलं कापड, स्ट्रॅचन ६८११ सारखं, ओल धरलं की जड होतं. बॉल लवकर मंदावतो आणि पाठीमागची फिरकी कापडावरच मरते. त्यामुळे टेबलाच्या अर्ध्या लांबीवरून एरवी दोन फूट मागे येणारा स्क्रू आता सहा इंच येतो. लोक टिप बदलतात, खाली मारायला जातात, मग मिसक्यू. उपाय कापडाचा आहे: आधी बॉल्ककडून काळ्या बॉलच्या बाजूला, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे, ब्रश, मग त्याच दिशेने इस्त्री, आणि खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर. पूलच्या नऊ फुटी टेबलांवर असलेलं सिमोनिस ८६० सारखं लव नसलेलं कापड, नव्वद टक्के लोकर आणि दहा टक्के नायलॉन, या बाबतीत कमी छळतं.

लवेचा आणखी एक त्रास आहे, जो नवखे टिपवर ढकलतात. हळू मारलेल्या बॉलला साईड दिली की तो लवेच्या दिशेने जाताना, म्हणजे बॉल्ककडून काळ्याकडे, साईडच्या बाजूला वळतो. उलट, काळ्याकडून बॉल्ककडे आणला तर विरुद्ध बाजूला. मधल्या पॉकेटमध्ये आडवा, हळू सोडलेला बॉल काळ्याच्या बाजूला किंचित वाहतो, म्हणून तो पॉकेटच्या बॉल्ककडच्या बाजूला धरून सोडावा लागतो. हे टिपचं काम नाही, चॉकचंही नाही. जोर थोडा वाढवला की परिणाम कमी होतो, कारण बॉलला वाहायला वेळच मिळत नाही.

खरेदीचा क्रम असा: एल्क मास्टरचा सीलबंद डबा वाटून घ्या, ट्रँगलचे दोन हिरवे नग, एक मायक्रोफायबर फडकं, ८०, १५०, २४० आणि ६०० नंबरचे पेपर, जेल ग्लूची एक छोटी नळी. पूल खेळणाऱ्याने ट्रँगलऐवजी मास्टर, आणि ब्रेकसाठी वेगळा क्यू असेल तर त्यावर कडक टिप. पाच-सहा महिन्यांनी बॉल स्वच्छ राहत आहेत, तरी हाफ बॉल पॉट अधूनमधून जाड लागत आहेत असं दिसलं, तर ताओम घ्या.